ऑपरेशन झालं... मग बाबा चालत का नाहीत?

सगळ्यात आधी एक कबुली. माझं शिक्षण पहिल्यापासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी फक्त घरी बोलायची आणि शाळेत परीक्षेपुरती. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागात लेख देणार म्हटल्यावर माझ्या रूममेटने आधी पोटभर हसून घेतलं. पण हा विषय मला इंग्लिशमध्ये लिहिताच आला नसता, कारण तो आमच्या घरात सगळा मराठीतच घडला. माझे बाबा वाईजवळच्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतात. हा लेख त्यांनी वाचलाय आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलंय. उरलेल्या चुका माझ्या, त्या पोटात घाला.

विषय आहे बाबांचा आजार. त्यातही आजारापेक्षा ट्रीटमेंटनंतरचा काळ. कारण गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतून उठवलं तरी उत्तर देईन : "ऑपरेशन सक्सेसफुल झालं ना? मग अजून काठी कशाला?" आत्या विचारते, शेजारचे काका विचारतात, स्टाफरूममधले सर विचारतात. आणि खरं सांगू? एकदा मीसुद्धा विचारला होता, ह्याहून वाईट शब्दांत. ते पुढे येईलच.

सुरुवात झाली २०२१ च्या दिवाळीनंतर. लागोपाठ दोन तास वर्गात उभं राहिलं की बाबांच्या पोटऱ्या भरून यायच्या. खुर्चीत बसले की जरा बरं वाटायचं. मग तळपायांना मुंग्या. मग एक दिवस घाटावरून घरी येईपर्यंत एका पायातली चप्पल रस्त्यातच राहिली आणि ह्यांना पत्ताच नाही! आम्ही सगळे हसलो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

त्रेपन्नाव्या वर्षी पाय दुखतात म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, स्लिपडिस्क. कमरेचा एम.आर.आय. झाला. त्यात एक गादी थोडी सरकलेली दिसलीच (ह्या वयात पुष्कळांची दिसते). मग बेल्ट, ट्रॅक्शन, शेक, तेल, सगळं झालं. २०२२ च्या पावसाळ्यात जिना चढताना कठडा धरावा लागायला लागला. लघवीला गेले की सुरूच व्हायची नाही, बराच वेळ उभं राहावं लागे. ते त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. त्यांना वाटलं, प्रोस्टेट असेल, वयच झालं. एका डॉक्टरांना वाटलं की मज्जारज्जूला सूज आहे, म्हणून त्यांनी स्टेरॉइडची सलाईन लावली. दोनच दिवसांत पाय आणखी गेले. डिसेंबरमध्ये पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टनी कमरेचा नाही तर पूर्ण पाठीचा एम.आर.आय. काढायला लावला आणि पहिल्यांदा खरं नाव कळलं : स्पायनल ड्युरल ए.व्ही. फिस्टुला.

ह्या नावाने घरात वेगळाच गोंधळ झाला. फिस्टुला म्हणजे भगंदर, एवढंच सगळ्यांना माहीत. त्यामुळे एका नातेवाइकांनी प्रेमाने भगंदरावरचं चूर्ण पाठवलं! फिस्टुला म्हणजे खरं तर नसलेल्या जागी तयार झालेला रस्ता. बाबांचा तो रस्ता होता पाठीत, एका बारीक धमनीपासून थेट शिरेपर्यंत.

आता मी सिव्हिलची, त्यामुळे मला हे पाइपलाइनच्या भाषेत कळलं. तुम्हालाही तसंच सांगते. धमनीतलं रक्त म्हणजे टाकीतून येणारी मेन लाइन, प्रेशर जास्त. शिरा म्हणजे ड्रेनेज, प्रेशर अगदी कमी. दोन्हींच्या मध्ये केसासारख्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. तिथे प्रेशर उतरतं आणि पेशींना ऑक्सिजन मिळतो. समजा, आपल्या हॉस्टेलमध्ये कुणी शहाण्याने मेन लाइन डायरेक्ट ड्रेनेजच्या पाइपला जोडली, तर काय होईल? ड्रेनेज तुंबेल आणि प्रत्येक बाथरूममधून पाणी उलटं वर येईल. ज्या खोलीचा काही संबंध नाही, तीही भिजेल.

बाबांच्या पाठीत हेच झालं होतं. मज्जारज्जूभोवती ड्युरा नावाचं जाड आवरण असतं. त्या आवरणातच धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. धमनीचं प्रेशर शिरेत शिरलं आणि तिथून मज्जारज्जूवरच्या सगळ्या शिरांमध्ये पसरलं. बाहेर जायची वाटच तुंबल्यामुळे मज्जारज्जूत सूज आली. वर आणखी एक गोष्ट : प्रवाह हा दोन टोकांच्या प्रेशरच्या फरकावर चालतो, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकलोय. शिरेकडचं प्रेशर वाढलं की फरक कमी, म्हणजे मज्जारज्जूला ताजं रक्तही कमी. एकाच वेळी पाणी तुंबलंय आणि नळही कोरडा! चालल्यावर, उभं राहिल्यावर त्रास का वाढायचा आणि बसल्यावर का कमी व्हायचा, ते सगळं प्रेशरचंच गणित होतं. आणि बिघाड छातीच्या मणक्यापाशी असला तरी आधी तक्रार करतात ते पाय आणि मूत्राशय, कारण सूज खाली पसरते. म्हणूनच नुसता कमरेचा फोटो काढून फसायला होतं.

पाठीच्या रक्तवाहिन्यांच्या अशा दोषांमध्ये हाच प्रकार सर्वात जास्त आढळतो, सुमारे ७० टक्के. तरी आजार दुर्मिळच. वर्षाला दहा लाख माणसांमागे पाच ते दहा जणांना होतो असा अंदाज आहे. पाचांत साधारण चार पुरुष, तेही बहुतेक पन्नाशी-साठीतले. ह्याशिवाय मज्जारज्जूच्या आतच रक्तवाहिन्यांचा गुंता असण्याचा एक प्रकार असतो. तो तरुणांमध्ये, अगदी लहान मुलांमध्येही सापडतो आणि त्यात एकदम रक्तस्राव होऊन काही तासांत पाय जाऊ शकतात. त्याची ट्रीटमेंट जास्त अवघड, कधी कधी टप्प्याटप्प्याने करावी लागते. मी लिहितेय ते मुख्यतः बाबांच्या प्रकाराबद्दल.

डॉक्टरांनासुद्धा हे कोडं सुटायला पन्नास वर्षं लागली. १९२६ मध्ये पॅरिसच्या फ्वा आणि अलाजुआनिन ह्या डॉक्टरांनी अशा पेशंटचं वर्णन लिहिलं. मज्जारज्जूवर फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसायच्या, त्यामुळे दोष त्यांचाच असं वाटे. सर्जन त्या शिराच सोलून काढत. १९७४ मध्ये लंडनच्या अमिनॉफ, बर्नार्ड आणि लोग ह्यांनी मांडलं की खरं नुकसान शिरांमधल्या वाढलेल्या प्रेशरमुळे होतं. १९७७ मध्ये केंडॉल आणि लोग ह्यांनी दाखवलं की चुकीचं कनेक्शन मज्जारज्जूवर नसून बाहेरच्या आवरणात आहे. म्हणजे तोवर माणसं मेन व्हॉल्व्ह बंद करायचा सोडून बिचारं गटारच उखडत होती!

बाबांची अँजिओग्राफी झाली. जांघेतून नळी घालून पाठीकडे जाणारी एकेक धमनी तपासतात. ह्याला वेळ लागतो, कारण दोष नक्की कुठल्या मणक्यापाशी आहे ते आधी माहीत नसतं. मग दोन पर्याय असतात. एक, नळीतूनच गोंदासारखं औषध सोडून ते कनेक्शन बुजवायचं. दुसरा, मणक्याचा मागचा थोडा भाग काढून, आवरण उघडून, उलटं प्रेशर नेणारी शीर जिथे आत शिरते तिथेच बंद करायची. गोंद नीट आतपर्यंत पोचला नाही तर रस्ता पुन्हा उघडू शकतो. मज्जारज्जूला रक्त देणारी धमनी त्याच ठिकाणाहून निघत असेल तर गोंद वापरणं धोक्याचं असतं. ऑपरेशनमध्ये मात्र शंभरांतल्या पंचाण्णवहून जास्त पेशंटचं कनेक्शन पहिल्याच वेळी बंद होतं. बाबांचं ऑपरेशन जानेवारी २०२३ मध्ये झालं, माझ्या बारावीच्या बोर्डाच्या तोंडावर. तीन तासांनी सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "बंद झालं. सक्सेसफुल."

आई रडली. मी सगळ्यांना मेसेज केले. आणि आमच्या सगळ्यांचा गैरसमज तिथूनच सुरू झाला.

सर्जनचं "सक्सेसफुल" म्हणजे कनेक्शन बंद झालं, आता आजार पुढे जाणार नाही. आम्हाला ऐकू आलं, बाबा आता चालणार. ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे समजायला मला वर्ष लागलं. सिव्हिलवाल्यांना पटेल असं सांगते. स्लॅबची गळती एका दिवसात थांबवता येते, पण भिंतीतली ओल जायला आख्खा उन्हाळा लागतो, आणि गंजलेली सळई काही पुन्हा नवी होत नाही. मज्जारज्जूचंही तसंच. सूज उतरायला आठवडे-महिने जातात. ज्या पेशी नुसत्या उपाशी होत्या, त्या हळूहळू कामाला लागतात. ज्या मेल्या, त्या परत उगवत नाहीत. उरलेल्या वाटांनी काम चालवायला मेंदूला आणि स्नायूंना पुन्हा शिकावं लागतं आणि ते शिक्षण रोजच्या सरावानेच होतं. म्हणून ट्रीटमेंट होण्याआधी पेशंटची अवस्था काय होती, त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. निदानाला उशीर होतो तो इथे महागात पडतो, आणि ह्या आजारात वर्ष-वर्ष उशीर होणं दुर्दैवाने नेहमीचंच आहे.

मोजमापासाठी त्याच अमिनॉफ आणि लोग ह्यांची एक मार्कलिस्ट आहे. उलटी मार्कलिस्ट, शून्य मिळवणारा पहिला! चालण्याला ० ते ५ आणि लघवीला ० ते ३. एका काठीचा आधार लागला तर ३, दोन काठ्या किंवा कुबड्या लागल्या तर ४, उभंच राहता येत नसेल तर ५. ऑपरेशनच्या आधी बाबा ४ वर होते. घरी आले तेव्हाही ४. साधारण सहा महिन्यांनी ३ आले. वर्षभर ३ वरच अडकून होते आणि आता २. म्हणजे घरात काठीशिवाय, पण लांब चालता येत नाही. म्हणून लांबच्या रस्त्याला, गर्दीत आणि अंधारात काठी घेतात. बरेचसे पेशंट असेच सुधारतात. पहिल्या वर्षात जास्त, मग कमी कमी, मध्येच महिनोन् महिने काहीच नाही. आमच्या सेमिस्टरसारखा सरळ ग्राफ नसतो.

आणि मार्कलिस्टमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी कितीतरी आहेत. पाय उचलायची ताकद तुलनेने लवकर येते, पण पाय कुठे आहे ही जाणीव मागे राहते. बाबा चालताना जमिनीकडे बघतात, कारण पायांचं काम डोळ्यांना करावं लागतं. लाइट गेली की ते आहेत तिथेच उभे राहतात. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, म्हणून एक हात कायम भिंतीला. तळपायांची आग रात्री वाढते. गरम-गार नीट कळत नाही. एकदा शेकायच्या पिशवीने पाय भाजला आणि कळलं दुसऱ्या दिवशी, आईने पाहिलं तेव्हा. तेव्हापासून रोज रात्री दोन्ही तळपाय तपासायचे, हा घरचा नियम आहे. सकाळी पाय ताठ होतात. त्यासाठी बॅक्लोफेनची गोळी आहे, पण ती जास्त झाली तर ज्या ताठपणावर माणूस उभा असतो तोही जातो. सगळं मिक्स डिझाइनसारखं बेतून घ्यावं लागतं.

पुढचा परिच्छेद मी खोडणार होते. बाबा म्हणाले, "हाच ठेव."

पाय सुधारतात ते सगळ्यांना दिसतं. मूत्राशय सुधारलं की नाही ते कुणालाच दिसत नाही, आणि ते बऱ्याचदा पायांच्या मागेच राहतं. लघवी पूर्ण होत नाही, उरलेली साठते, इन्फेक्शन होतं, कालांतराने किडनीवर ताण येतो. ह्यावर उपाय म्हणजे ठरावीक वेळांना स्वतःच बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करणं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या डॉ. जॅक लॅपिडस ह्यांनी दाखवून दिलं की ह्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक काही लागत नाही. स्वच्छ हात, स्वच्छ नळी आणि नेमाने करणं पुरे. ऐकायला भयंकर वाटतं, पण ह्या साध्या उपायाने अनेकांचं आयुष्य वाचवलंय. बाबा सुरुवातीला दिवसातून चार वेळा करायचे, आता फक्त झोपताना. पण जून २०२३ मध्ये शाळेत परत रुजू होताना त्यांना वर्गाची भीती नव्हती, भीती होती ती शाळेतल्या बाथरूमची. पोट साफ होण्याच्या वेळेचंही तसंच, आणि नवरा-बायकोच्या खासगी प्रश्नांचंही. कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. डॉक्टरांना हे मुद्दाम विचारायचं असतं.

आता माझी चूक. बोर्डाची परीक्षा संपली आणि बाबांच्या व्यायामाची ड्यूटी माझ्याकडे आली. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. एका संध्याकाळी ते सहाव्या वेळी थांबले. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही मनावरच घेत नाही. ऑपरेशन तर सक्सेसफुल झालंय." ते काही बोलले नाहीत. उरलेले चार पूर्ण केले. रात्री आईने सांगितलं की पायांच्या आगीमुळे आदल्या रात्री ते तीन वाजेपर्यंत जागेच होते. मला सॉरी म्हणता आलं नाही. आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी मी खुर्चीखाली लाकडाचे दोन ठोकळे ठेवून ती थोडी उंच केली. त्या दिवशी दहा झाले. नंतर फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या की हेच बरोबर आहे. जमेल तेवढी उंची, नीट केलेली संख्या आणि मध्ये विश्रांती. थकलेल्या पायांना रेटलं तर ते चुकीचं शिकतात.

त्याच वर्षी मी इथे फर्स्ट इयरला आले आणि नोव्हेंबरमध्ये आईचा फोन आला : "पाय परत ताठ झालेत, उठवत नाही." मी मेसमध्ये होते, ताट तसंच ठेवून रात्रीची एस.टी. पकडली. मनात एकच, रस्ता पुन्हा उघडला. ट्रीटमेंटनंतर तब्येत घसरली तर ती शंका घ्यावीच लागते, तपासणी टाळायची नसते. एम.आर.आय. झाला. सूज वाढलेली नव्हती, नवीन काही नव्हतं. सापडलं ते लघवीचं इन्फेक्शन. अशा मज्जारज्जूच्या पेशंटला इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, एखादी जखम, काहीही झालं तरी पायांचा ताठपणा वाढतो. शरीराला तक्रार करायची तीच एक भाषा उरलेली असते. अँटिबायोटिक्स झाले आणि दोन आठवड्यांत गाडी पुन्हा पहिल्या जागी आली. पण ती रात्र मी विसरणार नाही.

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची ह्याच कामासाठी मोठी संस्था आहे, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. ती १९५५ पासून चालू आहे. पुण्यात खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक सेंटर आहे. पुनर्वसन हे एक वेगळं शास्त्र आहे, ऑपरेशननंतरचा "जमेल तसा व्यायाम" नव्हे. हे आम्हाला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी सांगतेय.

आपल्या हॉस्टेलमध्ये, ऑफिसमध्ये, वर्कशॉपमध्ये पन्नाशीचे कितीतरी काका-मामा आहेत. सगळ्यांच्या घरी वडील आहेत. चालल्यावर पाय जड होतात आणि बसल्यावर बरे वाटतात, मुंग्या तळपायांतून हळूहळू वर चढतात, आणि त्यात लघवीचीही तक्रार सुरू झाली, तर नुसतं "कमरेचं दुखणं" म्हणून सोडू नका. न्यूरोलॉजिस्टना दाखवा आणि लघवीची गोष्ट लाजून लपवू नका. प्रत्येकाला हाच आजार असेल असं अजिबात नाही, पण ज्याला असेल त्याचा एकेक महिना महत्त्वाचा आहे.

मध्ये सुट्टीत मी बाबांना माझ्या ओल आलेल्या भिंतीचं उदाहरण सांगितलं. ते शेवटी भूगोलाचेच सर! म्हणाले, "कृष्णेचा पूर एका रात्रीत ओसरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी शेतकऱ्याला विचारतं का, पीक कुठंय म्हणून?"

ह्या वर्षी गॅदरिंगला बाबा येणार आहेत. काठी घेऊन येतील आणि जमिनीकडे बघत चालतील. मी ऑडिटोरियमला जायचा पायऱ्यांशिवायचा रस्ता आणि तळमजल्यावरचं स्वच्छ बाथरूम बघून ठेवलंय. कुणी भेटलात तर एक विनंती आहे. "अजून काठी का?" असं विचारू नका. विचारायचंच असेल तर सह्याद्रीतल्या घाटांबद्दल विचारा. पुढचा अर्धा तास तुमचा गेला म्हणून समजा!

(टी. ई. सिव्हिल, लेडीज हॉस्टेल)